आकाश आणि काळी झाडी उरली की पुढे काय? हजार तुकड्यांच्या निसर्गचित्राच्या पझलबद्दल

गोव्यातल्या फोंड्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे, ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हजार तुकड्यांचं पझल, चित्र अल्बर्ट बिअरस्टॅट या अमेरिकन चित्रकाराचं 'अमंग द सिएरा नेवाडा, कॅलिफोर्निया', म्हणजे पुढे तळं, काठावर हरणं, मागे उंच कडे आणि ढग फाडून खाली येणारा उजेड. मे महिन्याच्या सुट्टीत मुलीबरोबर सुरू केलं, किनार झाली, हरणं झाली, पाणी बरंचसं झालं, आणि आता चारशेच्या वर तुकडे उरलेत ते सगळे एक तर ढग-आकाश नाहीतर काळपट झाडी आणि खडक. रोज बसतात पण कधी एक तुकडा लागतो कधी एकही नाही. पाऊस सुरू झाल्यापासून तुकडे फुगल्यासारखे झालेत, कडा वर उचलतात. दोन तुकडे हरवलेत असा संशय आहे. आणि तीन आठवड्यांवर चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी आलीय, हॉल रिकामा करायचाय, घरचे म्हणतात मोडून डब्यात भरा. तर मोडावं का, असा प्रश्न.

मोडू नका हो. इतकं झालेलं पझल मोडायची काही गरज नाही, चवथही नीट होईल आणि पझलही. मी डिचोलीकडे हायस्कुलात बरीच वर्षं ड्रॉइंग शिकवलं, आणि चित्रांची पझल हा तेव्हापासूनचा नाद, शाळेतल्या पोरांना घेऊन पावसाळ्यात हेच करायचो, आताही घरी लोक पझल घेऊन जातात आणून देतात. तुमच्यासारख्या ठिकाणी अडकलेले लोक मी पुष्कळ बघितलेत, त्यातले बहुतेक आपलीच नजर कमी पडते किंवा धीर कमी पडतो असं धरून चालतात. तसं नसतं. तुम्ही अर्धं पझल ज्या पद्धतीने केलंत ती पद्धत तिथे संपलीय, एवढंच झालंय.

म्हणजे बघा, पहिल्या अर्ध्या भागात आपण वस्तू शोधतो. हरणाचा पाय, शिंग, पाण्याची कड, धबधब्याचा पांढरा पट्टा. डोळ्याला नाव असलेली गोष्ट पटकन सापडते. आता ज्यांना नाव आहे त्या गोष्टी संपल्या, आणि तरीही आपण तुकडा हातात घेऊन हेच विचारतो की हे काय आहे, ढग आहे की डोंगर आहे की झाड आहे. त्या प्रश्नाला त्या तुकड्यावर उत्तरच नाही. का नाही ते आकड्यांतून बघा म्हणजे पटेल. मूळ चित्र सुमारे 183 सेंटिमीटर उंच आणि 305 सेंटिमीटर रुंद आहे, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियममध्ये आहे. तुमच्या डब्यावर 70 बाय 50 सेंटिमीटर लिहिलंय असं तुम्ही म्हणता. म्हणजे चित्र साडेतीन पटींहून जास्त लहान झालं, आणि साधारण पावणेदोन-दोन सेंटिमीटरच्या एका तुकड्यावर मूळ कॅनव्हासचा सहा-सात सेंटिमीटरचा चौकोन येतो. एवढ्याशा चौकोनात ढगाचा आकार कसा दिसणार, तिथे फक्त रंग बदलताना दिसतो. तर आता तेच वाचायचं, रंग कुठून कुठे बदलतोय ते.

हे सांगतानाच आणखी एक गोष्ट, नाहीतर पुढे गोंधळ होईल. 70 बाय 50 चं प्रमाण आणि मूळ चित्राचं प्रमाण एक नाही. मूळ चित्र जास्त लांबट आहे. उंची पूर्ण ठेवली तर पझलच्या प्रमाणात बसवायला रुंदीतले जवळजवळ 50 सेंटिमीटर कापावे लागतात, एका बाजूचे किंवा दोन्ही बाजूंचे मिळून. तेव्हा म्युझियमच्या वेबसाइटवरून चित्र उतरवून घ्या, फुकट आहे, स्मिथसोनियनने 2020 पासून आपल्या लाखो प्रतिमा खुल्या केल्यात, आणि झूम करून बघायला डब्यापेक्षा दसपट बरं पडतं, पण त्याची डावी-उजवी कड तुमच्या पझलच्या कडेशी जुळणार नाही हे लक्षात ठेवा. कडेसाठी डबा बघायचा, आतल्या बारीक भागासाठी मोठी प्रतिमा.

आता उजेडाबद्दल, कारण माझ्या मते या चित्राची किल्ली तीच आहे. बिअरस्टॅटने हे चित्र कॅलिफोर्नियात बसून काढलेलं नाही. तो 1863 साली तिकडे जाऊन आला, स्केचेस केली, आणि हे चित्र रंगवलं 1868 मध्ये रोमच्या स्टुडिओत. म्हणजे समोर दिसलं तसं उतरवलेलं नाही, ठरवून बांधलेलं आहे. त्याचं शिक्षण जर्मनीत ड्युसेलडॉर्फला झालं, तिकडची रीत अशी की रंग गुळगुळीत लावायचा, ब्रशचे फटकारे दिसू द्यायचे नाहीत, आणि उजेड एका ठिकाणी ठेवून बाकी सगळं त्याच्यापासून पायरीपायरीने मंद करत न्यायचं. पझल लावणाऱ्याला याचा अर्थ असा की फटकाऱ्यावरून तुकडा ओळखता येणार नाही (कॅनडाच्या टॉम थॉमसनच्या चित्रांचं पझल असतं तर आलं असतं, तिथे एकेक फटकारा स्वतंत्र दिसतो), पण उजेडापासूनचं अंतर मात्र प्रत्येक तुकड्यावर लिहिल्यासारखं असतं. उजेडाच्या जवळचा तुकडा पिवळसर पांढरा, थोडा लांब गेला की मातकट, मग राखाडी, मग निळसर राखाडी, मग कडेकडे काळसर. आकाशाचे म्हणून जे तुम्ही एका ढिगात टाकलेत ते खरं म्हणजे चार-पाच ढीग आहेत.

लांबच्या-जवळच्या डोंगरांचंही तसंच. चोर्ला घाट चढताना एखाद्या वळणावर थांबून बघितलं असेल तर आठवा, पायाखालची झाडी गर्द हिरवी, जवळजवळ काळी, तिच्यात उजेड-सावलीचा फरक कडक दिसतो, त्यामागची रांग निळी होते, फरक कमी होतो, आणि शेवटची रांग आकाशात मिसळून जाते. मधल्या हवेत, तिच्यातल्या बाष्पात आणि धुळीत उजेड विखुरतो म्हणून होतं ते, सिएरा नेवाडातही हेच आणि सह्याद्रीतही हेच. तेव्हा काळा तुकडा हातात आला आणि त्याच्यात उबदार तपकिरी झाक आहे, बारीक उजळ ठिपके आहेत, तर तो पुढचा. काळाच पण थंड, निळसर, सपाट असेल तर तो मागचा, कड्याच्या सावलीतला. हा एकच भेद केलात तरी झाडी-खडकांचा ढीग दोन भागांत पडतो.

ढगाचा एखादा तुकडा घेऊन बघू कसं करायचं ते. तुकडा तळहातावर ठेवा आणि चित्र काय आहे ते विसरून फक्त एवढंच बघा की त्यातला सगळ्यात उजळ कोपरा कुठला आणि सगळ्यात गडद कुठला. समजा एका कोपऱ्यात फिकट पिवळा आहे आणि समोरच्या कोपऱ्यात राखाडी. आता डब्यावर उजेड कुठून फुटतोय ते बघा आणि तुकडा असा फिरवा की उजळ कोपरा त्या दिशेला येईल. एवढ्याने तुकड्याची दिशा ठरली, म्हणजे चार बाजूंनी फिरवून बघायचं ते एका बाजूवर आलं. मग बघा राखाडी किती गडद आहे, त्यावरून उजेडापासून किती लांब ते ठरतं. असे सगळे ढगाचे तुकडे दिशा लावून, उजळ ते गडद असे ओळीत मांडून ठेवा. मांडायलाच एक संध्याकाळ जाईल आणि त्या संध्याकाळी एकही तुकडा लागणार नाही, ते चालतं, चिडचिड करून घेऊ नका. दुसऱ्या दिवशीपासून बघा. काही तुकड्यांवर उलटही दिसेल, म्हणजे ढगाची उजळ कड उजेडाकडे नाही, कारण ढगाला स्वतःचा आकार आहे, सावली आहे. तसे तुकडे बाजूला ठेवा, ते उलट थोडे असतात म्हणून नंतर सोपे जातात.

हे सगळं कुठल्या उजेडात करता त्यावर मात्र पुष्कळ अवलंबून आहे. तुम्ही लिहिलंय की रात्री जेवणं झाल्यावर बसता. पिवळ्या बल्बखाली निळसर राखाडी आणि हिरवट राखाडी एकच दिसतात, गडद हिरवा आणि गडद तपकिरी तर वेगळे सांगताच येत नाहीत. शक्य असेल तर वेचणी दिवसा करा आणि जोडणी रात्री. आपल्याकडे पावसाळ्यात एक बरं असतं, ढगाळ दिवसाचा उजेड सगळीकडून सारखा येतो, त्याला सावली नाही, चमक नाही, रंग पारखायला याच्यापेक्षा चांगला उजेड विकत मिळत नाही. खिडकीजवळ टेबल घ्या. बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या उघड्या ओसरीत मात्र नको, तिथे उजेड छान असला तरी दमट वारा आणि शिंतोडे थेट येतात. रात्रीच बसायचं असेल तर एलईडी घेताना डब्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 च्या वर आणि 4000 ते 5000 केल्विन (उजेड पिवळा की पांढरा ते सांगणारा आकडा) बघून घ्या, साध्या बल्बपेक्षा थोडा महाग पडतो पण फरक लगेच कळतो.

काळ्या तुकड्यांसाठी एक युक्ती, ती मुलीला करायला द्या, तिला आवडेल. सगळे काळे तुकडे एका ताटात सुटे पसरून एकाच फोटोत घ्या आणि फोनवर त्या फोटोचा ब्राइटनेस किंवा एक्स्पोजर भरपूर वाढवा. डोळ्याला जे सगळं काळं दिसत होतं त्यात तपकिरी, हिरवं, निळं असं वेगवेगळं वर येतं, कधी झाडाच्या खोडाची उभी रेघही दिसते. फोटो एकच असावा, दोन वेगळे काढले तर फोन प्रत्येकात रंग आपल्या मनाने बदलतो आणि तुलना फसते. उलट ढगांसाठी फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, रंग काढला की उजळ-गडदाच्या पायऱ्या स्पष्ट होतात. फोन नको असेल तर डोळे किलकिले करून बघायचं, चित्रकार तेच करतात.

एवढं करूनही शे-दीडशे तुकडे असे उरतीलच ज्यांच्यावर काहीही नाही. छपाईत गडद भाग आणखी गडद होतो, मूळ चित्रात असलेले बारकावे कागदावर उतरतच नाहीत, त्यात तुमचा दोष नाही. तिथे चित्र सोडून द्यायचं आणि आकारावर जायचं. इथे मात्र तुमचं पझल कसं कापलंय त्यावर ठरतं. पाठीमागून बघा. सरळ आडव्या-उभ्या ओळी दिसत असतील, चार कोपरे एका बिंदूत मिळत असतील, तर ते रिबन कट. तुकडे वेडेवाकडे, कुठे पाच बाजू कुठे तीन, तर रँडम कट. रँडम असेल तर प्रत्येक आकार वेगळा असतो, डोळ्यानेच शोधावं लागतं, पण मग काळ्या भागातही आकारावरून तुकडा ओळखता येतो म्हणून तिथे लोक कमी अडकतात. तुमच्या वर्णनावरून तुमचं रिबन कट वाटतंय, तेव्हा त्याचंच सांगतो.

रिबन कटमध्ये आतल्या तुकड्याला चार बाजू, प्रत्येक बाजूला एक तर बाहेर आलेलं डोकं नाहीतर आत गेलेली खाच. फिरवून सारखे होणारे एक धरले तर प्रकार फक्त सहा होतात. चारही डोकी, तीन डोकी एक खाच, समोरासमोर दोन डोकी, शेजारी-शेजारी दोन डोकी, एक डोकं तीन खाचा, आणि चारही खाचा. सहा ताटं घ्या आणि उरलेले काळे तुकडे त्यात वाटा, समोरासमोर दोन डोकीवाल्यांचा ढीग सगळ्यात मोठा होईल, तो सगळ्यात शेवटी ठेवा. मग पझलमध्ये अशी जागा शोधा जिथे दोन बाजू आधीच भरल्यात, कोपरा तयार झालाय. समजा डावीकडच्या तुकड्याचं डोकं या जागेत येतंय आणि वरच्याची खाच या जागेकडे उघडतेय, म्हणजे इथे बसणाऱ्या तुकड्याला डावीकडे खाच हवी आणि वर डोकं हवं. चारही डोकीवाला आणि चारही खाचावाला ढीग लगेच बाद. बाकीच्या ढिगांतला तुकडाही कसा धरायचा ते ठरलेलं, फक्त समोरासमोर डोकीवाला दोन बाजूंनी फिरवून बघावा लागतो. आता ओळीने एकेक लावून बघायचा, लागला नाही की ताटातच दुसऱ्या बाजूला ठेवायचा म्हणजे तोच तोच हातात येत नाही. यात डोकं चालवायला लागत नाही म्हणून लोकांना हे खोटं वाटतं, पण दमलेल्या माणसाला रात्री हेच जमतं. आणि एक तुकडा लागला की शेजारची जागा आपोआप दोन-तीन बाजूंनी बंद होते, ओळ पुढे सरकत जाते.

हे का चालतं, तर तुकड्याचा आकार आणि त्याच्यावरचं चित्र यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. 1760 च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने लाकडावर नकाशे चिकटवून जे पहिले कोडे-नकाशे केले ते देशांच्या सीमेवरून कापलेले होते, तिथे आकार म्हणजेच चित्र होतं. आताच्या कारखान्यात लोखंडी पात्यांचा एकच साचा कितीतरी वेगवेगळ्या चित्रांवर दाबला जातो. म्हणून रंग एक माहिती देतो आणि आकार दुसरी, दोन्ही वेगळ्या, आणि एक आटली की दुसरीकडे वळायचं असतं. तुम्ही गेला महिनाभर आटलेल्या विहिरीत पोहरा टाकत बसलात, दुसरी भरलेली शेजारीच आहे.

आता एक गोष्ट जी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. रिबन कटमध्ये चुकीचा तुकडा चुकीच्या जागी बसतो. विशेषतः किनारीत आणि आकाशात. किनारीचे तुकडे मोजा. हजारचे म्हणून जे विकतात ते पुष्कळदा 38 गुणिले 27, म्हणजे 1026 तुकडे असतात, आणि मग किनारीचे 126 होतात, वर 38 खाली 38, आणि कोपरे सोडून बाजूंना 25-25. तुमच्याकडे वेगळी संख्या असू शकते, पण समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्याच पाहिजेत. वरची ओळ आणि खालची ओळ यात एकाचा जरी फरक असेल तर कुठेतरी तुकडा सुटलाय किंवा चुकीचा बसलाय, आणि आतला प्रत्येक तुकडा 'लागत नाही' असं वाटायला तेवढं पुरतं. आतल्या भागात शंका असेल तर जोडलेले चार-सहा तुकडे अलगद उचलून उजेडासमोर धरा, बरोबर जोडणीत फट सगळीकडून सारखी बारीक दिसते, चुकीच्यात एका ठिकाणी उजेड जास्त येतो. उलटे करून पाठीवरची रेघ बघा, कोपरे एका बिंदूत येतात का बघा. तुमचे हरवलेले दोन तुकडे मला तरी आत्ताच हरवलेत असं वाटत नाही. चुकीच्या तुकड्याने जागा अडवली की त्याची खरी जागा रिकामी राहते आणि आपण म्हणतो तुकडा हरवला.

आणि इथेच पावसाचा संबंध येतो. पझलचा पुठ्ठा म्हणजे दाबलेला रद्दी कागदाचा लगदा, वरून छापलेला कागद चिकटवलेला. छापलेल्या बाजूवर थर असतो, पाठ उघडी असते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता नव्वदीला टेकते, ती पाठीतून शिरते, पाठ फुगते, वरचा कागद तेवढा फुगत नाही, म्हणून तुकडा वाटीसारखा होतो आणि कडा वर उचलतात. तुकडा खराब झालेला नाही, ओल गेली की बऱ्यापैकी सरळ होतो. पण ओल आहे तोवर बरोबर तुकडाही दाबून बसवावा लागतो, आणि 'सहज बसला तर बरोबर' हा नेहमीचा नियम चालत नाही. म्हणून म्हटलं पाठीवरून तपासा. जोर लावून ठोकू नका, डोक्याचा कागद तिथेच सुटतो.

ओल काढायला सुटे तुकडे हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून दोन-तीन दिवस ठेवा. एसी असेल तर त्या खोलीत ड्राय मोडवर तासभर चालवून मग बसा. उन्हात टाकू नका आणि हेअर ड्रायर मारू नका, ओल एकदम गेली की पुठ्ठा उलट्या बाजूला वळतो आणि रंगही उडतो. जोडलेल्या भागावर रोज उठताना कोरा कागद, त्यावर प्लाय आणि त्यावर पुस्तकं ठेवायची सवय लावा, वर्तमानपत्र नको, शाई उतरते. एखाद्याचा वरचा कागद सुटला असेल तर टूथपिकच्या टोकावर फेविकॉल घेऊन लावा, बटर पेपर ठेवून दाबा. मैद्याची खळ अजिबात वापरू नका, कसर आणि झुरळं तिच्यावरच येतात आणि मग सगळा डबा जातो.

चवथीचं म्हणाल तर ते सगळ्यात सोपं आहे. 3 बाय 2 फुटांचा 6 मिलिमीटर प्लाय आणा, त्यावर पझल आरामात बसतं. टेबलावरून प्लायवर घ्यायला भिंतीवरच्या मोठ्या कॅलेंडरची जुनी पानं किंवा जाड चार्ट पेपर पझलखाली एका बाजूने हळूहळू सरकवत न्या आणि प्लाय टेबलाला सारखा लावून त्यावर ओढून घ्या, दोघं लागतात, एकट्याने करू नका. सरकत नसेल तर मध्ये जिथे रिकामी जागा आहे तिथून दोन-तीन भाग करा, तुम्हाला तर आकाश रिकामंच आहे, वरची किनार वेगळी आणि खालचा तळ्याचा भाग वेगळा असं न्या. सुटे तुकडे वेचलेले आहेत तसे ताटांत ठेवून वर झाकण म्हणून पुठ्ठा, ताटावर चिठ्ठी, पुढचे काळे, मागचे काळे, उजळ ढग, असं. वेचलेलं एकत्र करू नका, ती तुमची खरी मेहनत आहे. आणि हे सगळं कपाटावर ठेवा, पलंगाखाली नाही. पावसात जमिनीलगत ओल जास्त, त्यात जुन्या चिऱ्याच्या घरात तर फरशीच घाम सोडते, शिवाय वाळवी. वर कोरडं असतं. माटोळी (गणपतीवर बांधायची फळा-पानांची चौकट) बांधून होऊ दे, आरत्या होऊ देत, पाहुणे जाऊ देत, मग खाली काढा.

तीन आठवड्यांत होईल का? रोज तासभर देणार असाल तर होऊ शकतं, पण तारखेला बांधून घेऊ नका. माझ्या मते पहिल्या आठवड्यात फक्त किनार तपासणी आणि दिवसा वेचणी, नंतर ढग उजेडाकडून बाहेरच्या दिशेने, आणि काळी झाडी आकारावरून सगळ्यात शेवटी, हा क्रम ठेवा. चवथीला ढग झालेले असले तरी खूप झालं. डोळे दमले की उठायचं, दमलेल्या डोळ्यांना सगळे राखाडी सारखेच दिसतात आणि चुकीचे तुकडे त्याच वेळी बसवले जातात.

मुलीबद्दल तुम्ही लिहिलंय की ती आता कंटाळून येतच नाही. तिला शोधायला बसवू नका, वेचायला बसवा. 'हा तुकडा उबदार की थंड' हा प्रश्न तिला सांगून बघा, पोरं त्याच्यावर वाद घालतात आणि बरोबर निघतात. शाळेत मी रंगाचा उबदारपणा-थंडपणा फळ्यावर शिकवायचो तेव्हा अर्ध्या वर्गाला कळायचं नाही, पझलच्या तुकड्यांवर शिकवला की सगळ्यांना कळायचा.

शेवटी खरंच तुकडा हरवलेला निघाला तर, म्हणजे बाकी सगळं लागलंय आणि जागा रिकामी आहे, तर आधी डब्याच्या तळाच्या घड्या बघा, सोफ्याच्या फटी बघा, केरसुणीचा कोपरा बघा. नाहीच मिळाला तर करता येतो. खाली पातळ कागद सरकवून जागेचा आकार बारीक पेन्सिलने काढून घ्या, तेवढ्याच जाडीच्या पुठ्ठ्यावर चिकटवून धारदार ब्लेडने कापा. वरचं चित्र म्युझियमच्या प्रतिमेतून पझलच्या मापात प्रिंट काढून लावता येतं, नाहीतर पोस्टर कलरने रंगवा. काळ्या झाडीतला असेल तर लावल्यावर तुमचं तुम्हालाच सापडणार नाही कुठला तो. ढगातला असेल तर शेजारच्या तुकड्यांवरून रंग जुळवायला थोडा वेळ लागतो, पांढऱ्यात आधी किंचित गेरू आणि मग किंचित निळा, काळा मिसळू नका, मळकट होतो.

फ्रेम करायचं तुम्ही विचारलेलं नाही पण पूर्ण झालं की विचारालच. पावसात पझल चिकटवायचा गम लावू नका. पाण्याचा गम, त्यात दमट हवा, तो वाळायला दिवस घेतो, पांढुरका राहतो आणि पाठीवर बुरशी येते. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की लावा, खाली बटर पेपर, जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने पातळ पसरायचा, सपाट ठेवून पूर्ण एक दिवस वाळू द्यायचा. काच पझलला टेकता कामा नये, मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट घालायला सांगा, टेकली तर ओल धरून छपाई काचेला चिकटते. आणि पश्चिमेच्या, पाऊस झोडपतो त्या भिंतीवर लावू नका, आतल्या भिंतीवर, फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवून, म्हणजे मागून हवा खेळते.

पझलच्या पाठीचा एक फोटो टाकलात तर कट कुठला आहे ते नक्की सांगतो. किनारीची चार बाजूंची मोजणीही त्याच्याबरोबर लिहा.